घरात घडणारी इलेक्ट्रिक गिटार

लंडनच्या पश्चिमेला फेल्टम नावाचं उपनगर आहे. तिथे ऑगस्ट १९६३ मध्ये सोळा वर्षांच्या ब्रायन मेने वडिलांच्या मदतीने घरातच इलेक्ट्रिक गिटार करायला घेतली, कारण दुकानातली फेंडर किंवा गिब्सन घेणं त्या घराला परवडणारं नव्हतं. जुन्या शेकोटीवरची महोगनीची फळी नेकसाठी कामी आली. तिला किडीने पाडलेली भोकं काडेपेटीच्या काड्या ठोकून बुजवली. बॉडीच्या गाभ्याला एका जुन्या टेबलाचं ओक वापरलं. ट्रेमोलोची पट्टी सुरीच्या धारेवर तोलली आणि ती मागे खेचायला मोटरसायकलच्या इंजिनातल्या व्हॉल्व्हच्या दोन स्प्रिंगा लावल्या. फ्रेटबोर्डवरचे पांढरे ठिपके म्हणजे शिंपल्याची बटणं. पुढे 'क्वीन' या बँडच्या रेकॉर्डवर जगाने जी गिटार ऐकली, ती हीच 'रेड स्पेशल'. याच बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकलेला, हे महाराष्ट्रातल्या वाचकांना ठाऊक असेलच.

असं वाद्य घरी होऊ शकतं, कारण त्याची रचनाच तशी आहे. साध्या, पोकळ गिटारीचा आवाज तिच्या पेटीतून येतो. वरची फळी तीन मिलिमीटरच्या आत पातळ करायची, आतल्या आधारपट्ट्या नेमक्या जागी बसवायच्या, हे सगळं हाताला कळायला वर्षं लागतात. इलेक्ट्रिक गिटारीत पोलादी तार चुंबकावर थरथरते, तिच्या हालचालीने चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि चुंबकाभोवतीच्या तांब्याच्या वेटोळ्यात अगदी क्षीण वीज तयार होते. अँप्लिफायर ती वीज वाढवतो. या चुंबक-वेटोळ्याला पिकअप म्हणतात. त्याला फक्त चुंबकाला ओढ असलेला धातू समजतो. सतारीखाली असा पिकअप धरला तर बाजाची पोलादी तार छान ऐकू येईल, शेजारची ब्राँझची जोडाची तार मात्र जवळजवळ मुकी राहील.

मग लाकडाचं काय? या प्रश्नावर गिटारवाले रात्र रात्र भांडतात. माझं मत स्पष्ट आहे: भरीव बॉडीच्या गिटारीत लाकडाची जात ही पिकअप, त्याची तारेखालची जागा आणि तारांची जाडी यांच्या फार मागे येते. १९४० च्या सुमारास लेस पॉल यांनी चार इंच चौरस पाईनच्या वाशावर तारा आणि पिकअप बसवून वाजवून दाखवलं. दोन्ही बाजूंना एपिफोन गिटारीची अर्धी अर्धी पेटी जोडली ती केवळ गिटारीसारखं दिसावं म्हणून. डॅनइलेक्ट्रो कंपनीने पन्नाशीच्या दशकात लाकडी चौकटीवर मॅसोनाइटचे, म्हणजे हार्डबोर्डचे, पत्रे लावून गिटारी केल्या आणि पिकअप लिपस्टिकच्या नळ्यांत बसवले. त्या गिटारी आजही लोक शोधून घेतात. लाकडाचं काम एवढंच, की तारेची दोन टोकं जागची हलू द्यायची नाहीत आणि ऋतू बदलला तरी स्वतः वाकायचं नाही. पहिल्या गिटारीसाठी परदेशी लाकडावर पैसे घालण्याची गरज नाही.

आराखडा निवडायचा तर टेलिकास्टरच्या वळणाचा. ती रचणारे लिओ फेंडर हे कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचे रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. १९५० मध्ये बाजारात आणलेली गिटार त्यांनी दुरुस्ती करणाऱ्याच्या नजरेने रचली: बॉडी म्हणजे पावणेदोन इंच जाडीची सपाट फळी, नेक वेगळा आणि चार स्क्रूंनी आवळलेला. नेक बिघडला तर काढा, दुसरा लावा. घरच्या कार्यशाळेसाठी इतकी सोयीची दुसरी रचना मला माहीत नाही, कारण बॉडी आणि नेक वेगवेगळे करता येतात आणि एकाची चूक दुसऱ्याला बाधत नाही.

लाकूड वखारीतून घ्यावं आणि जुनं, सीझन झालेलं मागावं. सागवान सगळीकडे मिळतं, पण अख्खी बॉडी सागवानाची केली तर खांद्याला जाणवेल इतकं वजन होतं. शिवाय सागाचा तेलकटपणा डिंकाला आणि पॉलिशला आडवा येतो. जोडण्याच्या कडा चिकटवण्याआधी थिनरच्या फडक्याने पुसून घ्याव्या लागतात. सतार-तंबोऱ्यासाठी पूर्वापार वापरलं जाणारं तून, किंवा शिवण, ही दोन्ही लाकडं हलकी आहेत आणि हत्याराखाली चांगली वागतात. फळ्या घरी आणल्यावर लगेच करवत लावू नये. मधे पट्ट्या घालून हवेशीर रचाव्यात आणि दर आठवड्याला त्यातली एक वजनकाट्यावर ठेवावी. वजन उतरत असेल तोवर लाकूड वाळत आहे. दोन-तीन आठवडे काटा एकाच आकड्यावर राहिला की काम सुरू करावं. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी हे काम जूनच्या आधी उरकावं.

करवतीआधी कागद. गिटारीचं पूर्ण मापाचं चित्र, वरून आणि बाजूने, असं दोन्ही काढायचं. वरून काढलेल्या चित्रात सगळ्यात महत्त्वाची मधली रेघ. नट (नेकच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी), नेक, पिकअप, ब्रिज, सगळं तिच्यावरून मोजायचं. नटपासून ब्रिजपर्यंतची लांबी फेंडरच्या मापात साडेपंचवीस इंच, म्हणजे ६४८ मिलिमीटर. बाजूच्या चित्रात उंचीचा हिशेब सुटतो. फ्रेटबोर्डसकट नेकचं टोक २५.४ मिलिमीटर जाड, बॉडीतला खळगा १५.९ मिलिमीटर खोल, म्हणजे फ्रेटबोर्ड बॉडीच्या साडेनऊ मिलिमीटर वर राहणार. त्यावर फ्रेटची उंची आणि तारेखालची मोकळी जागा मिळवली की ब्रिजला किती उंची हवी ते कळतं. हातात आलेला ब्रिज तेवढा खाली-वर होतो का, हे लाकूड कापण्याआधी पाहायचं. घरी केलेल्या अनेक गिटारी इथेच फसतात, आणि ते कळतं तारा चढवल्यावर.

बॉडी बहुधा दोन फळ्या जोडून करावी लागते. कडांना रंधा असा मारायचा की दोन्ही फळ्या एकमेकींना टेकवून उजेडासमोर धरल्या तर मधून प्रकाश दिसू नये. मग फेव्हिकॉल आणि शिकंजे. सांधा भरपूर आवळण्यापेक्षा सगळीकडे सारखा आवळणं गरजेचं. दुसऱ्या दिवशी आकार आखून जिगसॉने रेघेबाहेर दोन-तीन मिलिमीटर सोडून कापायचं. उरलेलं काम राउटरचं. बारा मिलिमीटरच्या एमडीएफमधून टेम्प्लेट करून ते बॉडीवर दुहेरी चिकटपट्टीने घट्ट बसवायचं आणि बेअरिंगवाला बिट टेम्प्लेटच्या कडेने फिरवायचा. बाहेरच्या कडेवर राउटर घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने न्यायचा, आतल्या खळग्यांत काट्यांच्या दिशेने. एका वेळी पाच मिलिमीटरहून जास्त खोल जायचं नाही. कमरेच्या वळणावर आणि शिंगाच्या टोकाशी लाकडाच्या रेषा आडव्या कापल्या जातात आणि तिथे ढलपी उडण्याची भीती असते. तिथे घाई नको. डोळ्यांवर चष्मा, कानांवर बंदोबस्त आणि धुळीसाठी मास्क हे तिन्ही राउटर सुरू करण्याआधी. शिसवीची धूळ तर अनेकांना त्वचेवर आणि श्वासात बाधते.

नेक बसायचा खळगा मात्र हाताने पूर्ण केलेला बरा. नेक आत ढकलताना थोडा जोर लागावा आणि स्क्रू नसतानाही बॉडी त्याला धरून उचलता यावी, इतकी घट्ट जोड हवी. खळगा सैल झाला तर गिटार वाजवताना नेक बाजूला सरकतो आणि सूर हलतो.

आता नेक. सगळ्या गिटारीचं मर्म यात आहे. सहा तारा मिळून साधारण ४५ किलोचा ताण देतात आणि तो सतत नेकला पुढे वाकवू पाहतो. म्हणून नेकच्या आत ट्रस रॉड नावाची पोलादी सळई असते, तिची चावी फिरवून हा बाक कमी-जास्त करता येतो. या सळईची खाच नेकच्या दोन्ही कडा अजून समांतर असतानाच पाडायची, कारण एकदा नेक निमुळता केला की राउटरला टेकायला सरळ कड उरत नाही. नेकच्या पाठीला गोलाई देताना या खाचेखाली चार-पाच मिलिमीटर लाकूड उरलं पाहिजे. मेपल आयात होतं आणि महाग पडतं. सरळ रेषांच्या जुन्या सागवानाच्या तीन पट्ट्या, मधलीच्या रेषा उलट दिशेला ठेवून, एकत्र चिकटवल्या तर एकीची वाकण्याची ओढ दुसरी अडवते. वर फ्रेटबोर्ड शिसवीचा. आपल्या दक्षिणेकडची शिसवी जगभरच्या गिटारींवर जाते. २०१७ पासून तिचा व्यापार आंतरराष्ट्रीय परवान्याखाली आला आणि २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. वखारीतून घेताना बिल मागून घ्यावं.

फ्रेटच्या जागा गणिताने ठरतात. सप्तकाचे बारा सारखे भाग करायचे तर प्रत्येक पुढचा फ्रेट तारेच्या उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागून येतो. ६४८ ला भागलं की पहिला फ्रेट नटपासून ३६.३७ मिलिमीटरवर. उरलेल्या ६११.६३ ला भागलं की दुसरा त्यापुढे ३४.३३ वर. असं करत बारावा बरोबर मध्यावर, ३२४ मिलिमीटरला येतो. आकडे काढताना मागच्या फ्रेटचा आधार घ्या, पण आखताना प्रत्येक फ्रेट नटपासूनच मोजा. नाहीतर एकेका ठिकाणची बारीक चूक पुढे साचत जाते. आणखी एक गोष्ट फार कमी जण ध्यानात घेतात. वरच्या टोकाला, एकविसाव्या आणि बाविसाव्या फ्रेटमध्ये, जेमतेम १०.८ मिलिमीटर अंतर असतं. पहिल्या फ्रेटला अर्धा मिलिमीटर चुकला तर सूर दीड सेंटहून कमी हलतो, बाविसाव्याला तीच चूक जवळजवळ पाच सेंटची होते (अर्ध्या सुराचे शंभर सेंट). म्हणजे जिथे फ्रेट दाटीने आहेत तिथेच माप जास्त काटेकोर हवं.

खाचा पाडायला पातळ पात्याची खास करवत लागते. फ्रेटच्या तारेचा खालचा दातेरी भाग साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो आणि खाच तेवढीच रुंद असली तर तो पकड घेतो. फ्रेटची तार जर्मन सिल्व्हरची, म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त यांच्या मिश्रणाची. फ्रेटबोर्डला जेवढी गोलाई दिली असेल त्याहून थोडी जास्त गोलाई या तारेला द्यायची, आधी दोन्ही टोकं ठोकायची आणि मग मध्य. असं केलं की टोकं खाचेत रुतून राहतात, वर उचलत नाहीत.

सगळे फ्रेट बसले तरी ते एका पातळीत नसतात. नेक ट्रस रॉडने अगदी सरळ करून घ्यायचा आणि प्रत्येक फ्रेटच्या माथ्यावर काळ्या मार्करने रेघ ओढायची. मग लांब, सपाट धातूच्या पट्टीला ४०० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून ती नेकच्या लांबीने हलक्या हाताने फिरवायची, हाताचा भार न देता. पहिल्या दोन-चार फेऱ्यांतच कळतं: तिसऱ्या फ्रेटची शाई गेली, चौथ्याची तशीच आहे, म्हणजे चौथा खाली आहे. शेवटच्या फ्रेटची शाई जाईपर्यंत फिरवायचं आणि तिथेच थांबायचं. आता माथे सपाट झालेले असतात आणि सपाट माथ्यावर तार नेमकी कुठे टेकते ते ठरत नाही. म्हणून पुन्हा मार्करची रेघ ओढून अर्धगोल कानसीने दोन्ही बाजू घासायच्या, मधोमध शाईची बारीक रेघ उरेपर्यंत. नंतर बारीक पेपरने चकाकी. हे काम कंटाळवाणं आहे, आणि गिटार हाताला चांगली लागते ती याच कामामुळे. यंत्राने बनलेल्या स्वस्त गिटारीत नेमकं हेच काम राहून गेलेलं असतं.

विजेच्या भागाला भिण्याचं कारण नाही. दोन पिकअप, एक निवडबटण, आवाजाचा एक पॉट, टोनचा एक पॉट, एक कपॅसिटर आणि जॅक. बस्स. एकेरी वेटोळ्याच्या पिकअपला अडीचशे किलोओहमचा पॉट, दुहेरीला पाचशेचा. एकेरी पिकअपमध्ये ०.०६३ मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे असतात आणि ते घरातल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुणही पकडतात. सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये गिब्सनसाठी यावर उपाय काढला. दोन वेटोळी उलट दिशेने गुंडाळायची आणि त्यांचे चुंबकही उलटे ठेवायचे. तारेचा आवाज दोन्हीत जुळतो, बाहेरची गुणगुण एकमेकांना खोडते. एकेरी पिकअप ठेवायचे असतील तर खळग्यांना आतून तांब्याचा पत्रा चिकटवून तो अर्थला जोडा, आणि ब्रिजखालून अर्थची तार न्यायला विसरू नका. पिकअपमधल्या वेढ्यांची हालचाल झाली तर मोठ्या आवाजात तो शिट्टी मारतो. ब्रायन मेने आपले पिकअप ॲरल्डाइटने भरून हा त्रास बंद केला होता. बाकीचे लोक पॅराफिन मेणात बुडवतात. मेण गरम पाण्याच्या भांड्यातच वितळवावं, थेट आचेवर कधीच नाही.

पॉलिश म्हणजे बहुतांशी घासणं आणि वाट पाहणं. १२० पासून ३२० पर्यंत पेपर चढत जायचा, मधे एकदा ओल्या फडक्याने लाकूड पुसायचं, म्हणजे दबलेले तंतू उभे राहतात, आणि वाळल्यावर ते घासून काढायचे. सागवानासारख्या उघड्या छिद्रांच्या लाकडाला फिलर भरावाच लागतो, नाहीतर महिन्याभराने चकाकीत खड्डे दिसतात.

नंतर काय लावायचं? फेंडरने मोटारींचे रंग वापरले. त्यांचा प्रसिद्ध फिएस्टा रेड हा फोर्ड थंडरबर्डचा रंग होता. म्हणून मोटारीच्या रंगांचं दुकान ही गिटारवाल्याची हक्काची जागा आहे. नायट्रोसेल्युलोज, म्हणजे एनसी लॅकर, पातळ थरांत मारतात. प्रत्येक नवा थर खालच्या थराला थोडा विरघळवून त्यात मिसळतो, त्यामुळे दुरुस्ती सोपी जाते. पण पावसाळ्यात ते मारू नका. थिनर उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर जमतं आणि लॅकरवर पांढुरका धूसर पट्टा येतो. आठ-दहा पातळ थर झाले की तीन-चार आठवडे गिटार टांगून ठेवायची. मग पाण्यात साबणाचा थेंब घालून १०००, १५००, २००० नंबरचे पेपर आणि शेवटी रबिंग कंपाउंड. कडांवर घासताना जपा, तिथे थर सगळ्यात पातळ असतो. लॅकरची वाफ पेट घेते. फवारणी गच्चीवर किंवा उघड्या अंगणात करावी, स्वयंपाकघराशेजारी नाही. दोन भाग मिसळून मारायचं पीयू चमक उत्तम देतं, पण त्याच्या हार्डनरमधले आयसोसायनेट फुप्फुसांना कायमची इजा करू शकतात. ताज्या हवेच्या मास्कशिवाय ते घरी मारू नये, असं माझं ठाम सांगणं आहे.

माझी पसंती चपड्याला. पळस, कुसुम, बोर या झाडांवरच्या किड्यांची लाख, मुख्यतः झारखंडकडून येणारी, शुद्ध करून तिचे पापुद्रे करतात, तोच चपडा. एक लिटर स्पिरिटमध्ये पाव किलो विरघळवायचा, कापसाच्या गोळ्यावर मलमल गुंडाळून पोटली करायची आणि लाकडावर गोल गोल फिरवत थरावर थर चढवायचे. जुने सुतार याला स्पिरिट पॉलिश म्हणतात. ना कॉम्प्रेसर लागतो, ना फवारणी. मिश्रण सहा महिन्यांहून जुनं वापरू नये, ते नीट वाळत नाही. नेकच्या पाठीला मात्र चपडा नको, हाताच्या घामाने तो चिकट होतो. तिथे जवसाचं उकळवलेलं तेल पातळ लावून पुसून घ्यावं. तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात बुडवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा.

तारा चढवल्यावर उरतं ते सेटअप. नेकला मधोमध पाव मिलिमीटर बाक, बाराव्या फ्रेटवर तारेखाली दीड ते दोन मिलिमीटर जागा. तार दाबली की ती ताणली जाऊन सूर किंचित चढतो, म्हणून ब्रिजवरचा प्रत्येक तारेचा टेकू, म्हणजे सॅडल, ६४८ च्या एक ते चार मिलिमीटर मागे न्यावा लागतो, जाड तारेचा जास्त. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि दाबलेला सूर ट्यूनरवर एक दाखवेपर्यंत सॅडल सरकवायचा. नटच्या खाचा कापताना मिरजेच्या सतारकारांचं काम आठवावं. सतारीची घोडी मुद्दाम रुंद आणि किंचित उतरती असते, तार तिच्यावर घासत निघते आणि जवारी बोलते. गिटारीच्या नटवर खाच पुढच्या कडेला सपाट झाली तर तोच झणझणाट येतो, आणि इथे तो दोष आहे. खाच मागे हेडकडे उतरती हवी, म्हणजे तार फ्रेटबोर्डच्या कडेलाच टेकून सुटते.

पहिल्यांदा करणाऱ्याने हे सगळं एकदम अंगावर घेऊ नये. चांगला तयार नेक विकत घ्या, त्याच्या मापाने खळगा पाडा, बॉडी, वायरिंग आणि पॉलिश स्वतः करा, आणि विकत घेतलेल्या नेकचे फ्रेट मार्कर लावून स्वतः सारखे करा. फ्रेटच्या खाचा पाडण्याचं काम दुसऱ्या गिटारीसाठी ठेवा.